उत्तरेचा उजेड

आल्डरविकच्या धान्यबाजाराला छत आहे काचेचं,
पण उत्तरेच्या अंगालाच.
दक्षिणेला काळा पाटीदगड, जाड आणि बहिरा.
गिऱ्हाइकं मान वर करून विचारतात, अर्धंच का?
मी जिन्याखाली किल्ल्या बनवतो.
मशीन थांबवून सांगतो:
ऊन खोटं बोलतं.
उन्हात कुबट जवही सोन्याचा दिसतो.
म्हणून बांधणाऱ्यानं ऊन बाहेर ठेवलं
आणि आत घेतला नुसता उजेड.

त्या उजेडात दर मंगळवारी
एकशे चौदा उतरती मेजं,
मेजावर चिमूटभर गहू, चिमूटभर ओट.
शितावरून भात, तसं
दाण्यावरून अख्खं शिवार.
इनॉक गारसाइड दाणा दाढेखाली धरायचा,
डोळे मिटायचा, म्हणायचा,
हा पावसात भिजलाय, घाईनं उचललाय.
त्याच्या एका 'हं'वर
टेकड्यांपलीकडच्या घोड्यांचं वर्ष ठरे.

उद्घाटनाला नगराध्यक्ष दीड तास बोलले होते.
वीट न् वीट त्यांनी देवाला, राणीला आणि भावाला वाहिली.
काचा बसवताना पडून मेलेल्या दोघांची नावं
भाषणात नव्हती, दगडातही नाहीत.
एकाचं मला माहीत आहे: जेथ्रो सग्डेन.
दुसऱ्याचं कुणालाच नाही.

माझी पणजी केझिया इथे झाडायची.
पगार थोडा, पण केर तिचा, असा करार.
संध्याकाळी एप्रनच्या ओच्यात
सांडलेला सगळा मुलूख घेऊन ती घरी जाई:
पाच जातींचा गहू, बुटांची माती, एखादा खिळा.
गावात इतक्या जाड कोंबड्या कुणाच्याच नव्हत्या.

मग अमेरिकेचा गहू जहाजांनी आला,
इतका स्वस्त, की चावून बघायचं कारण उरलं नाही.
मेजं शाळेनं घेतली, पोरांनी त्यांवर नावं कोरली.
इथे चाकांचे बूट घालून नाच झाले, ठोसे झाले,
भाज्यांच्या प्रदर्शनात एका कोबीवरून मारामारी झाली.
लढाईत रेशनकार्डं,
आणि विमानांना दिसू नये म्हणून काचांना काळा रंग.
लढाई संपली. रंग खरवडायला पैसे नव्हते.
तेवीस वर्षं या इमारतीला उत्तर दिशाच नव्हती.

नगरपालिकेला मोटारी लावायला जागा हवी होती.
पाडायचा ठराव एका मतानं पडला.
ते मत विनिफ्रेड होल्डस्टॉकबाईंचं.
त्यांना इमारतीचं काही नव्हतं,
ठराव मांडणारा माणूस त्यांना आवडत नसे.

शेवटी आले सरकते जिने,
मेणबत्त्या, बूट, मोबाईलची कव्हरं,
तळघरात पिझ्झा.
फरशी उचलली तेव्हा फळ्यांच्या फटींतून निघाले
दाणे, काळपट, टणक, पसाभर.
बटणांच्या दुकानातल्या एडविनानं ते कुंडीत पेरले.
उगवणार नाहीत, मी आधीच सांगितलं होतं.
उगवले नाहीत.
कुंडी अजून खिडकीत आहे,
ती अजून पाणी घालते,
मी आता काही बोलत नाही.

तेवीस दुकानं होती, अकरा उरली.
बंद काचांवर कागद: भाड्याने देणे आहे.
लोक हल्ली घरबसल्या मागवतात,
न बघता, न चावता.

काल एक मुलगी दागिन्यांच्या दुकानातून बाहेर आली,
आतले दिवे पिवळे, म्हणून कठड्याशी.
हात लांब करून बोटातली अंगठी
छताखाली धरली.
आत काउंटरशी एक तरुण पाकीट उघडून उभा होता.
तिनं बराच वेळ पाहिलं.
मग डोळे मिटले.
म्हणाली, हं.

आत गेली, एकटीच परतली,
जिना उतरून माझ्यासमोर किल्ली ठेवली.
अशीच एक हवी.
दोन घ्या, स्वस्त पडतात, मी म्हणालो.
ती वर, काचांकडे बघत होती.
एकच, म्हणाली.